बक्षीस मिळालेले लोक, म्हणजे आपण

लाइट ऑफ ट्रुथ नावाचा एक पुरस्कार आहे. तिबेटी लोकांच्या हक्कांसाठी ज्यांनी काही केलं, जे त्यांच्या बाजूने बोलले, अशा माणसांना आणि संस्थांना तो देतात. देणारी संस्था म्हणजे इंटरनॅशनल कॅम्पेन फॉर तिबेट, १९८८ साली सुरू झालेली, ऑफिस वॉशिंग्टनला, आणि तिच्या बोर्डाचा अध्यक्ष कितीतरी वर्षं हॉलीवूडचा नट रिचर्ड गिअर (हो तोच, शिल्पा शेट्टीवाला, आपल्याकडे बिचाऱ्याची तेवढीच ओळख उरलीये). १९९५ला पहिला पुरस्कार दिला गेला आणि बहुतेक वेळा तो स्वतः दलाई लामांच्या हातून मिळतो.

आता यादी बघा. न्यूयॉर्क टाइम्सचा संपादक. मार्टिन स्कॉर्सेसी. आर्चबिशप डेस्मंड टुटू. टिनटिनची कॉमिक्स सांभाळणारं फाउंडेशन. एकेकाळी हिटलरच्या एसएसमध्ये असलेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक. आणि या शतकाच्या तोंडावर मध्येच एक नाव येतं, पीपल ऑफ इंडिया. भारताची जनता. म्हणजे तुम्ही, मी, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, सगळेच. आपल्या वतीने माजी राष्ट्रपती आर. वेंकटरामन यांनी तो घेतला आणि आपल्याला पत्ताही लागला नाही. मी ज्यांना ज्यांना हे सांगितलं त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं, आणि माझ्या भाच्याने तर लगेच विचारलं की कॅश किती.

कॅश नाही. मिळतो तो एक दिवा. तिबेटी मठांमध्ये लोण्याचे दिवे लावतात ना, पायावर उभी असलेली वाटी, मध्ये वात, आत याकच्या दुधाचं लोणी (आता बऱ्याच ठिकाणी सरळ डालडाच असतो), तसला साधा दिवा. मला हे फार आवडलं. आपल्याकडे पुरस्कार म्हटलं की शाल, श्रीफळ आणि काचेची ती जड ट्रॉफी जी पुढे शोकेसमध्ये धूळ खात पडते, निदान दिवा लावता तरी येतो.

पण खरी गंमत यादीत आहे. असल्या पुरस्कारांच्या याद्या एरवी गुळगुळीत असतात, सगळे भले, सगळे फोटोत हसणारे. ही तशी नाहीये, हिच्यात खाचखळगे आहेत.

पहिलंच नाव घ्या, ए. एम. रोझेन्थल. न्यूयॉर्क टाइम्समध्ये एवढा मोठा माणूस की लोक त्याला टरकून असायचे, पण त्याआधी पन्नासच्या दशकात तो याच पेपरचा दिल्लीतला बातमीदार होता. म्हणजे तिबेटचं प्रकरण जिथून सगळ्यात जवळून दिसायचं तिथेच बसून पत्रकारिता केलेला माणूस. यादी वाचत गेलं की हे पुन्हा पुन्हा लक्षात येतं, तिबेटचा रस्ता जवळजवळ प्रत्येकाचा भारतावरून गेलेला असतो. आणि एकाचा तर चक्क नगरवरून.

हाइनरिख हारर. नाव ऐकलं नसेल तरी ब्रॅड पिटचा तो 'सेव्हन इयर्स इन तिबेट' पिक्चर आठवत असेल, तो याच्यावरच आहे. १९३९ मध्ये हा नंगा पर्वताची पाहणी करायला आला होता, काम आटोपून परतीच्या बोटीची वाट बघत कराचीत थांबला आणि तेवढ्यात महायुद्ध सुरू झालं. जर्मनीच्या बाजूचा म्हणून इंग्रजांनी उचलला आणि आणून टाकला तो अहमदनगरच्या छावणीत. आताचं अहिल्यानगर. आपण नगर म्हटलं की किल्ला, नेहरूंचा तुरुंगवास, लष्कराचे रणगाडे वगैरे सांगतो, पण पुढे दलाई लामांना इंग्रजी आणि भूगोल शिकवणारा माणूसही आधी नगरचं पाणी प्यायलेला आहे हे कुणी सांगत नाही. तिथून त्याला डेहराडूनच्या कॅम्पात हलवलं, तिथून तो दोनचार वेळा पळाला, पकडला गेला, आणि २९ एप्रिल १९४४ला शेवटी एकदाचा निसटला. पुढचं दीड-पावणेदोन वर्षं पायपीट. जानेवारी १९४६ मध्ये तो आणि पीटर आउफश्नायटर ल्हासात पोचले तेव्हा अंगावर फाटक्या मेंढीच्या कातड्याशिवाय काही नव्हतं.

इथवर गोष्ट छान आहे. मग १९९७ साली, पिक्चर येण्याच्या तोंडावर, जर्मनीतल्या श्टर्न मासिकाने त्याची जुनी कागदपत्रं छापली. १९३३ पासून नाझींच्या एसएमध्ये, १९३८ पासून एसएसमध्ये. आल्प्समधल्या आयगर शिखराची उत्तर भिंत चढल्यावर हिटलरसोबतचा फोटो. हाररने कबूल केलं, तारुण्यातली चूक होती म्हणाला. आणि एवढं सगळं जगाला कळून झाल्यावर, २००२ मध्ये, त्याला लाइट ऑफ ट्रुथ दिला गेला.

बरं, पुढे २००५ मध्ये हाच दिवा एली वीझेल यांना मिळाला. आउशवित्झमधून जिवंत सुटलेला माणूस, नोबेल शांतता पुरस्कारवाला. एसएसचा सभासद आणि एसएसच्या छळछावणीतला कैदी, तीन वर्षांच्या अंतराने एकाच यादीत. मी यावर बरंच डोकं खाजवलंय. माझं मत असं झालंय की हाररला पुरस्कार देणं चूक नव्हतं पण सोपंही नव्हतं, आणि देणाऱ्यांनी ते सोपं असल्यासारखं दिलं. त्याने पाहिलेला, फोटो काढून ठेवलेला ल्हासा आज उरलेला नाही, त्या फोटोंचं मोल आहेच. १९५० आधीचं तिबेट स्वतःच्या नोटा छापायचं, स्वतःचं सैन्य ठेवायचं, हे सांगणारे बाहेरचे साक्षीदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, हा त्यातला एक. साक्षीदार निवडून घेता येत नाहीत, जो तिथे हजर होता तोच साक्षीदार. पण तिबेटच्या बाजूचे लोक हाररचं नाव आलं की त्याच्या त्या पाच-सात वर्षांवर घाईघाईने पांघरूण घालतात ते मला पटत नाही. तेही बोला की, त्याने तिबेटचं काही कमी होत नाही.

माझा लाडका मात्र दुसराच आहे. रॉबर्ट फोर्ड.

हा कुणी गिर्यारोहक नाही, लेखक नाही, संत तर मुळीच नाही. इंग्लंडमधल्या खेडेगावातला पोरगा, रॉयल एअर फोर्समध्ये रेडिओ शिकला, युद्धात भारतात आला, आणि १९४५ मध्ये ल्हासातल्या ब्रिटिश मिशनवर रेडिओ ऑपरेटर म्हणून गेला. पुढे १९४८ मध्ये तिबेट सरकारनेच त्याला नोकरीवर घेतलं. म्हणजे रीतसर सरकारी नोकर, तिबेट सरकारचा, हुद्द्यासकट. काम काय तर रेडिओ केंद्र चालवायचं आणि तिबेटी पोरांना ते शिकवायचं. मग त्याला पूर्वेकडे चाम्दोला पाठवलं, जिथून चीनची हद्द जवळ. हॅम रेडिओवाले जे असतात त्यांच्यात त्याचा कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव, अजून सांगतात, एसी४आरएफ. शेवटची दोन अक्षरं त्याच्याच नावाची. जगभरचे हौशी लोक रात्री जागून तो पकडायचा प्रयत्न करायचे, कारण तिबेटवरून बोलणारे होतेच किती!

ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्य आलं. चाम्दोचा गव्हर्नर न्गाबो रात्रीतून निघून गेला आणि फोर्डला सकाळी कळलं की साहेब गेले. (हेच न्गाबो पुढे १९५१ला बीजिंगमध्ये सतरा कलमी करारावर सही करणार होते.) फोर्ड आधीच निघू शकला असता. परका माणूस, ब्रिटिश पासपोर्ट, वय सत्तावीस, कोण विचारणार होतं. पण रेडिओ बंद करून जायचं म्हणजे चाम्दो मुकं करून जायचं, म्हणून थांबला. पकडला गेला. हेरगिरीचा आरोप, वर एका लामाच्या खुनाचाही. जवळजवळ पाच वर्षं चीनच्या तुरुंगात, त्यातली बरीच कोठडीत बसून 'विचार सुधारणे' नावाच्या प्रकारात गेली, म्हणजे रोज कबूल कर, पुन्हा कबूल कर, अजून नीट कबूल कर. १९५५ मध्ये सोडलं.

त्यानंतर जवळजवळ साठ वर्षं गेली. एप्रिल २०१३, स्वित्झर्लंडमध्ये फ्रीबूर्ग. फोर्ड नव्वदीला टेकलेला. दलाई लामांच्या हातून दिवा मिळाला, आणि त्याच निमित्ताने तिबेटी प्रशासनाने त्याचा थकलेला पगार चुकता केला. प्रतीक म्हणून, जुन्या तिबेटी चलनातली शंभर स्रांगची एक नोट. जे सरकार जमिनीवर उरलंच नाही त्याने आपल्या जुन्या नोकराचा पगार दिला, १९५०चा, २०१३ मध्ये! मला हे वाचून आधी हसू आलं आणि मग तो फोटो शोधून काढला आणि बराच वेळ बघत बसले. आपल्याकडे जिवंत सरकारं शिक्षकांचे पगार थकवतात. त्याच वर्षी सप्टेंबरात फोर्ड गेला.

फोर्डचं मला जे भावतं ते असं की त्याला तिबेटबद्दल फार काही आध्यात्मिक वाटत नव्हतं. शांग्रिला, तिसरा डोळा, उडणारे लामा असलं काही नाही. नोकरी धरली होती, ती नीट केली, आणि सोडून जायची वेळ आली तेव्हा गेला नाही. तिबेटवर प्रेम करणारे लोक पुष्कळ आहेत, हॉलीवूडमध्ये तर जास्तच. नोकरी इमानदारीत करणारे कमी.

टिनटिनचं पटकन सांगून टाकते. चीनमध्ये टिनटिनचं तिबेटवालं पुस्तक छापलं तेव्हा नाव केलं 'चिनी तिबेटमध्ये टिनटिन'. टिनटिन काढणाऱ्या एर्झेच्या बायकोने आणि फाउंडेशनने सांगितलं की असं चालणार नाही, नाव पूर्ववत करा नाहीतर पुस्तक मागे घ्या. केलं पूर्ववत. एका शब्दासाठी अडून बसल्याबद्दल २००६ मध्ये ब्रसेल्सला पुरस्कार, आणि त्याच समारंभात टुटू. आज कितीतरी मोठ्या कंपन्या चीनमधला धंदा जाऊ नये म्हणून नकाशे बदलतात, टी-शर्ट मागे घेतात, माफीनामे लिहितात, त्या पार्श्वभूमीवर एक कॉमिकवाली संस्था जास्त ताठ निघाली.

आणि वांग लीश्योंग. २००९. हा चिनी, हान चिनी, बीजिंगमध्ये राहणारा लेखक. बायको तिबेटी कवयित्री, वोसेर. मार्च २००८ मध्ये ल्हासा पेटलं, तिबेटभर निदर्शनं झाली, चीनमध्ये टीव्हीवर चोवीस तास तिबेटींविरुद्ध आग ओकणं चालू होतं आणि तेव्हा याने पुढाकार घेऊन सरकारला बारा सूचना लिहिल्या की हा द्वेषाचा प्रचार थांबवा, दलाई लामांशी बोला. इतर चिनी विचारवंतांनी सह्या केल्या, त्यात लिउ श्याओबो पण होते, ज्यांना पुढे नोबेल मिळालं आणि जे कैदेतच वारले. आपण दिल्लीत किंवा पुण्यात बसून तिबेटची बाजू घेतली तर आपलं काय जातं? काही नाही, उलट देशभक्ती सिद्ध होते. वांगने आपल्याच लोकांत बसून आपल्याच लोकांना सांगितलं. यादीत सगळ्यात महाग दिवा मला त्याचा वाटतो.

तर या अशा लोकांच्या पंगतीत आपण, भारताची जनता.

आपण काय केलं होतं? सरकार म्हणून बघितलं तर हिशोब फार गोंधळाचा आहे. २९ एप्रिल १९५४ला चीनशी करार केला, तोच पंचशीलवाला, आणि त्याच्या नावातच तिबेटला 'चीनचा तिबेट प्रदेश' म्हणून मोकळे झालो. ३१ मार्च १९५९ला दलाई लामा तवांगच्या बाजूने आत आले, त्यांना आसरा दिला, नेहरू स्वतः मसुरीला जाऊन भेटले, हे खरंच मोठं काम. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात युनोत तिबेटचा ठराव आला, आयर्लंड आणि मलायाने आणलेला, ४५ विरुद्ध ९ ने पास झाला, २६ देश तटस्थ राहिले आणि त्या तटस्थांत आपण. घरात पाहुणा ठेवून घेतला पण गल्लीत त्याच्या बाजूने बोलायला नाही म्हणालो.

जनतेचं मात्र वेगळंच चाललं होतं. २० एप्रिल १९५९, मुंबई. समाजवादी कार्यकर्ते चिनी वकिलातीवर मोर्चा घेऊन गेले, भिंतीवर माओचं चित्र चिकटवलं आणि त्याच्यावर टोमॅटो आणि सडकी अंडी मारली. हे फक्त आठवणीतलं नाही, दोन सरकारांच्या अधिकृत पत्रव्यवहारात नोंदलेलं आहे, कारण चीन प्रचंड भडकला. २७ एप्रिलला त्यांनी खलिता पाठवला की आमच्या पूज्य नेत्याचा हा भयंकर अपमान आहे आणि याचं समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत आम्ही गप्प बसणार नाही, शंभर वर्षं लागली तरी. शंभर वर्षं! टोमॅटोवरून! आपलं उत्तर साधारण असं होतं की झालं ते वाईट झालं, पण आमच्याकडे लोकांना बोलायची मोकळीक आहे. म्हणजे त्या खलित्याप्रमाणे २०५९ पर्यंत ही फाइल उघडी आहे. मला मनापासून वाटतं की वेंकटरामन साहेबांसोबत त्या मोर्चातला एखादा म्हातारा कार्यकर्ता स्टेजवर न्यायला हवा होता.

मुंबईचाच आणखी एक माणूस, पुरुषोत्तम त्रिकमदास. मोठे वकील, एकेकाळी गांधीजींचे सेक्रेटरी, समाजवादी. इंटरनॅशनल कमिशन ऑफ ज्युरिस्ट्सने तिबेटच्या चौकशीसाठी जी समिती नेमली तिचे हे अध्यक्ष. निर्वासितांच्या जबान्या घेतल्या, कागद तपासले आणि १९६०च्या अहवालात स्पष्ट लिहिलं की तिबेटींना एक धार्मिक समूह म्हणून नष्ट करण्याचा प्रयत्न झालेला आहे. आज तिबेटवर कुणीही काही लिहायला घेतलं की त्या अहवालाशी यावंच लागतं. त्रिकमदासांचं नाव मुंबईत किती जणांना माहितीये, विचारून बघा.

आणि मग १९६५. युनोत तिसऱ्यांदा ठराव. या वेळी भारताने बाजूने मत दिलं आणि भारताच्या वतीने उभं राहून बोलले ते रफिक झकेरिया, आपले, महाराष्ट्रात कित्येक वर्षं मंत्री राहिलेले, औरंगाबादच्या वाढीशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलंय ते. भाषण खणखणीत होतं. पण आपण एकदम सहा वर्षांत नीतिमान कसे झालो? मध्ये १९६२ झालं होतं, आणि १९६५च्या युद्धात चीनने पाकिस्तानच्या बाजूने आपल्याला दम भरला होता. आपला विवेक जागा झाला तो चटका बसल्यावर. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाहीये, देश असेच वागतात, फक्त पुरस्कार घेताना ही फाइल सोबत असावी.

म्हणून पुरस्कार 'भारत सरकार'ला न देता 'भारताच्या जनतेला' दिला हे देणाऱ्यांचं डोकं. पण जनता म्हणजे नक्की कोण? एवढ्या कोटी लोकांना दिलेलं बक्षीस हे कुणालाच न दिल्यासारखं होतं, कुणाला काही करावं लागत नाही, कुणाला जाब विचारता येत नाही. मला वाटतं त्यात खरा वाटा काही थोड्या गावांचा आहे. बायलाकुप्पे, जिथे तेव्हाच्या म्हैसूर राज्याने तिबेटींना वसवायला जवळपास तीन हजार एकर जागा दिली. मुंडगोड. आणि आपल्याकडे, गोंदिया जिल्ह्यात, नोर्ग्येलिंग.

नोर्ग्येलिंग बऱ्याच मराठी लोकांना माहीतच नाही. अर्जुनी मोरगाव तालुका, गोठणगाव-प्रतापगडच्या मध्ये. साताऱ्याचा प्रतापगड नव्हे, महाशिवरात्रीची यात्रा भरते तो झाडीपट्टीतला. वसाहत १९७२ची. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता, गोंदिया १९९९ला वेगळा झाला, पण तिबेटी लोक अजून 'भंडारा'च म्हणतात. मी नागपूरची, लग्नकार्याच्या निमित्ताने त्या बाजूला जाणं व्हायचं, आणि एकदा चुलतभावाने बाइकवर तिकडे नेलं. सागाची आणि मोहाची झाडं, बांध घातलेली धानाची शेतं, अगदी कुठल्याही झाडीपट्टीतल्या गावासारखं आणि मग अचानक वळणावर पाच रंगांच्या पताकांची माळ आणि मठाचं सोनेरी छप्पर. मे महिना होता. पंचेचाळीसच्या आसपास पारा. चार हजार मीटर उंचीवर राहणाऱ्या माणसांना आणून या भट्टीत ठेवलं तेव्हा पहिली काही वर्षं त्यांनी कशी काढली असतील देव जाणे. एक म्हातारी ओसरीवर बसून माळ ओढत होती, कूलरसमोर, कूलरच्या जाळीवर ओला टॉवेल. हे कूलरवर टॉवेल टाकायचं विदर्भाचं शास्त्र तिने कधीच आत्मसात केलेलं होतं.

गोठणगावचे लोक त्याला 'तिबेटी कॅम्प' म्हणतात. रोवणीला इकडच्या बाया तिकडे जातात, दुकानं एकमेकांवर चालतात, भांडणंही होतात, शेजार म्हटला की होणारच. त्यात काही दैवी नाही. पण पन्नास वर्षं झाली आणि अजून नीट चाललंय. त्या दिव्याचा एखादा हक्काचा मालक असेल तर गोठणगाव, माझ्यासारखी पुण्यात बसून ब्लॉग लिहिणारी नाही.

आणि आता या गोष्टीतला सगळ्यात अवघड भाग. ज्यांना सांभाळल्याबद्दल आपल्याला पुरस्कार मिळाला त्यांची कागदोपत्री ओळख काय तर परदेशी नागरिक. भारताने निर्वासितांच्या १९५१च्या करारावर सही केलेली नाही, त्यामुळे कायद्यात निर्वासित असा खणच नाही. प्रत्येकाकडे आरसी असते, नोंदणीचं पुस्तक, ते ठरावीक मुदतीने ऑफिसात जाऊन रिन्यू करायचं. परदेशी जायचं तर पासपोर्टऐवजी पिवळं पुस्तक, आयसी, जे बघून विमानतळावरचे अर्धे लोक गोंधळतात. २०१० मध्ये दिल्ली हायकोर्टाने सांगितलं की २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ च्या मध्ये भारतात जन्मलेला तिबेटी हा जन्माने भारतीय नागरिक आहे, तो अर्ज करून पासपोर्ट घेऊ शकतो. काहींनी घेतला. बरेच जण घेत नाहीत, कारण सगळ्यांनीच घेतला तर मग तिबेटी म्हणून उरणार कोण.

जानेवारी २००२ मध्ये मुंबईत ओबेरॉय टॉवर्सवर एक पोरगा चढला होता, आठवतंय? बाहेरच्या बाजूने, बांबूच्या परांचीवरून, चौदाव्या मजल्यापर्यंत, आणि वरून तिबेटचा झेंडा आणि 'फ्री तिबेट'चा फलक सोडला. आत चीनचे पंतप्रधान झू रोंग्जी आपल्या उद्योगपतींशी बोलत होते. पोरगा म्हणजे तेन्झिन त्सुंदू, कवी, मुंबई विद्यापीठात शिकलेला, आईबाप हिमाचलात रस्त्याच्या कामावर मजूर होते. अर्थातच पोलिसांनी धरला. तिबेटींना आधार दिल्याचा दिवा घेतलेली हीच जनता, हेच तिचे पोलीस. मी त्यांनाही नावं ठेवत नाही, पाहुणा घरात असताना बाल्कनीतून कुणी लटकलं तर धरणारच. पण मुंबईतल्या ज्या लोकांनी ४३ वर्षांपूर्वी टोमॅटो मारले होते ते असते तर त्यांनी बहुतेक खाली चादर धरली असती.

मागच्या हिवाळ्यात नागपूरला होते. दिवाळी झाली की तिथे मैदानावर तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकानं लागतात, ताडपत्रीची रांग. माल लुधियानाचा, उधारीवर उचललेला, हंगाम संपला की फेडायचा. आमच्या लहानपणापासून त्यांचा भाव एकच, घासाघीस नाही, आणि माझी आई तरी दरवर्षी करायचीच. मी ज्या ताईंच्या दुकानात शिरले त्या चाळिशीच्या पुढच्या, अंगात छुबा म्हणजे तो तिबेटी लांब झगा, वर पट्ट्यांचा एप्रन, आणि मला बघताच, "पाहून घ्या ताई, साइज सगळे हाय, यंदा थंडी उशिरा आली म्हणून माल तसाच पडून रायला." शुद्ध विदर्भ. कुठल्या म्हणून विचारलं तर म्हणाल्या भंडारा. नोर्ग्येलिंग का, म्हटल्यावर जरा चमकल्या. जन्म तिथलाच, शाळा तिथलीच, मुलगा बंगळूरला कॉल सेंटरमध्ये, त्याला कॅनडाला जायचंय.

त्या वर्षी मैदानाची परवानगी उशिरा मिळाली होती, पंधरा दिवस धंदा बुडाला, त्याबद्दल त्या भडाभडा बोलल्या, मी ऐकून घेतलं. मग एका जाकिटाची चेन लावून बघता बघता मी त्यांना या पुरस्काराचं सांगितलं. की दलाई लामांच्या हातून आम्हा सगळ्या भारतीयांना मिळालाय, तुम्हाला सांभाळल्याबद्दल. त्यांना माहीत नव्हतं. खूप हसल्या, शेजारच्या दुकानातल्या बाईला तिबेटीत ओरडून सांगितलं, ती पण हसली. "मंग पार्टी द्या ना ताई, एवढा मोठा इनाम भेटला तर."

मी म्हटलं तुमचा जन्म कधीचा. ऐंशी सालचा, म्हणाल्या. मग त्यांना कोर्टाचं ते १९८७चं सांगितलं, ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, गावातल्या दोघातिघांनी पासपोर्ट काढलेत, यांनी नाही काढला, सासऱ्यांना आवडलं नसतं. पण कायद्याने बघितलं तर तुम्हीही भारताची जनताच, म्हटलं, त्यामुळे तो इनाम तुम्हालाही मिळालेला आहे, तिबेटी लोकांना सांभाळल्याबद्दल. त्यांनी जाकीट पिशवीत भरता भरता दोन सेकंद विचार केला.

"असं हाय तं मंग पार्टी कोनं कोनाले द्याची?" म्हणाल्या, आणि जाकिटाचे अकराशे मागितले. एक रुपया कमी केला नाही.